खाऱ्या पाण्यातला नवा मासा रात्रीत का मेला?

रात्री चांगला पोहत होता, सकाळी तळाशी आडवा पडला होता. मुंबईहून हौसेनं आणलेला निमो, म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश, असा चार-आठ दिवसांत गेला की मुलं रडतात आणि मोठी माणसं दुकानदारावर खापर फोडतात. ‘आजारीच मासा गळ्यात मारला’ असं म्हणून विषय संपतो आणि पुढच्या रविवारी दुसरा मासा येतो. पशुवैद्यक म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की दुसरा मासा एवढ्यात आणू नका. पहिला कशानं गेला हे कळेपर्यंत त्या पाण्यात दुसरा जीव सोडणं बरोबर नाही.

मेलेला मासा फेकूनही देऊ नका. आधी एक स्वच्छ बाटली टँकच्याच पाण्यानं विसळून घ्या, काठोकाठ भरा आणि घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. मासा प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवा. डीप फ्रीझरमध्ये नको, कारण गोठला की पेशी फुटतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही कळत नाही. मासा फार लवकर कुजतो, उन्हाळ्यात तर दोन-तीन तासांतच. पाण्याचं तापमान, रात्री लाईट गेली होती का, घरात फवारणी झाली होती का, हेही त्याच वेळी कागदावर लिहून ठेवा. दुपारपर्यंत हे तपशील डोक्यातून निघून जातात.

मग पाणी तपासा. टँक नवा असेल तर पहिला संशय अमोनियावर घ्यावा. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये फिल्टरवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून टँक तयार झाला असं होत नाही. अमोनियाला रंग नसतो, आणि मासा मारण्याइतक्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. टेस्ट किटवर शून्य सोडून दुसरा कुठलाही आकडा आला, तर बहुतेक कारण हाती लागलं. खाऱ्या टँकचा पीएच 8.1 ते 8.4 असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग, पीएच 7 च्या गोड्या पाण्याच्या मानानं, दसपटीच्या आसपास जातो. गोल्डफिश ज्या चुका पोटात घालतो, त्या निमोला जिवावर बेततात.

आता प्रवासाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे येणारा मासा क्रॉफर्ड मार्केटमधून निघून रात्रभर लातूर एक्स्प्रेसमध्ये नाहीतर बसमध्ये, बंद पिशवीत असतो. त्या पिशवीत त्याच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच 7 च्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. अमोनियाही साठतो, पण पीएच उतरल्यामुळे तो बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. घरी पोचल्यावर आपण पिशवी उघडतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच झपाट्यानं चढतो आणि साठलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. त्यात टँकचं पाणी थेंबथेंब सोडत मासा तासन् तास त्याच पिशवीत ठेवला, की काळजी घेता घेता आपण त्याचे कल्ले भाजून काढतो. असा मासा त्या रात्री जगतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धापा टाकत जातो.

म्हणून लांबून आणलेल्या माशाची पिशवी बंदच ठेवून 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. दुकानातल्या पाण्याची क्षारता आधीच फोनवर विचारा आणि वेगळ्या छोट्या टँकचं पाणी तेवढंच खारं करून ठेवा. पिशवी उघडली की मासा लगेच त्यात घ्या, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. हे विचारणं फार गरजेचं आहे, कारण परजीवी आटोक्यात राहावेत म्हणून काही दुकानदार पाणी कमी खारं ठेवतात. तिथली सापेक्ष घनता 1.018 आणि तुमच्याकडची 1.025 असेल, तर एकदम झालेला हा बदल माशाच्या अंगातलं पाणी शोषून घेतो. क्षारता चढवायची ती रोज थोडी थोडी, काही दिवसांत.

पाण्याबाबत आपल्या जिल्ह्याचे स्वतःचे प्रश्न आहेत. नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. तिच्यातला क्लोरीन कल्ले जाळतो आणि फिल्टरवरचे जिवाणूही मारतो, तेव्हा फिल्टर नळाखाली खळखळून धुणं कायमचं बंद करा. टँकमधून काढलेल्या पाण्यात तो हलकेच हिसळला की पुरे. बोअरचं पाणी जड असतं, शेताशेजारच्या बोअरला खतांचं नायट्रेट उतरतं. आरओचं पाणी आणि मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम, एवढंच वापरा. बाजारातलं जाडं मीठ समुद्राचंच असलं तरी चालत नाही. मिठागरात मिठाचे खडे धरतात तेव्हा मॅग्नेशियमसारखे बरेच क्षार उरलेल्या पाण्याबरोबर निघून जातात.

आपल्या कोरड्या हवेत टँकचं पाणी झपाट्यानं आटतं, मीठ मात्र मागे राहतं. आटलेली पातळी भरताना खारं पाणी ओतत गेलात तर पंधरवड्यात क्षारता कुठल्या कुठे जाते. भर नेहमी साध्या आरओ पाण्याचीच घालायची. मे महिन्यात बाहेर 40 अंशांच्या वर पारा गेला की खोलीतला टँकही 31-32 अंशांवर जातो. या माशांना 24 ते 27 अंश मानवतात, शिवाय तापलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. त्यात मध्यरात्री लाईट गेली आणि पंप थांबला, तर पहाटेपर्यंत मासा गुदमरतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही या छंदातली पहिली खरेदी असायला हवी. डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे त्या खोलीत मारूच नका. हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो, आणि त्या औषधांतले पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी असतात.

पाण्याच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या तर रोगाकडे वळा. अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली, मासा धापा टाकत पंपाच्या प्रवाहापाशी थांबत होता आणि दोन-तीन दिवसांत गेला, तर ‘मरीन व्हेल्वेट’ या परजीवीचा दाट संशय घ्यावा. कधीकधी तो फक्त कल्ल्यांतच असतो, अंगावर काही दिसत नाही. यावर तांब्याचं औषध आहे, पण त्याची मात्रा मोजूनच द्यावी लागते आणि कोळंबी-प्रवाळ असलेल्या टँकमध्ये ते घालायचंच नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. बर्फातला मासा घेऊन निघण्यापूर्वी फोन करून नमुना घेतात का ते विचारा.

हाताला चीर असेल तर टँकमध्ये हात घालू नका, मधुमेह असणाऱ्यांनी तर हातमोज्यांशिवाय नाहीच. माशांच्या पाण्यातल्या एका जिवाणूमुळे बोटावर गाठ येते आणि ती आठवडेच्या आठवडे बरी होत नाही. अशी गाठ दाखवायला गेलात तर घरी मत्स्यालय असल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाहीतर निदान लांबतं.

टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आले, की पुढचा मासा आणायला हरकत नाही. घेताना दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं टाकायला सांगा, न खाणारा मासा घेऊ नका. हॅचरीत वाढवलेला आहे का, हेही विचारा. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास केली जाते, आणि असे मासे समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा टँकला लवकर रुळतात. समुद्रघोडा किंवा जिवंत प्रवाळाचा खडक कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. नवा मासा मुख्य टँकमध्ये सोडण्याआधी किमान चार आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा, आणि त्या टँकची जाळी मुख्य टँकमध्ये वापरू नका.