पवित्र त्रैक्य : खेड्यांतील मंडळीसाठीं एक पाठ

ख्रिस्ती मनुष्य बाजारास गेला, पाणवठ्यावर गेला, किंवा सोयऱ्यांच्या घरीं लग्नास गेला म्हणजे त्यास एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो: "एकाच देवाची भक्ति करा असें तुम्ही आम्हांस सांगतां, आणि स्वतः मात्र पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे तीन देव मानतां, हें कसें?" विचारणारा नेहमीं थट्टेनेंच विचारतो असें नाहीं; पुष्कळदां त्यास खरोखरच कळत नसतें. अशा वेळीं आपले कित्येक बंधु गप्प बसतात, अथवा जो दृष्टांत प्रथम सुचेल तो सांगून मोकळे होतात. गप्प बसणें बरें नव्हे. पण चुकीचा दृष्टांत देणें त्याहून वाईट, कारण तो ऐकणाऱ्यापेक्षां सांगणाऱ्याच्याच मनांत अधिक खोल रुजतो. म्हणून ह्या पाठांत आम्हीं ह्याच प्रश्नाचा विचार योजिला आहे.

आरंभींच एक गोष्ट मोकळ्या मनानें सांगितली पाहिजे. "त्रैक्य" हा शब्द पवित्र शास्त्रांत कोठेंहि आढळत नाहीं. त्याच्या जोडीचा लॅटिन शब्द इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज नगराचा ग्रंथकार टर्टुलियन यानें प्रचारांत आणिला. परंतु शब्द मागाहून आला म्हणून गोष्टहि मागाहून आली असें होत नाहीं. तान्हें मूल आईच्या कुशींत निजतें तेव्हां त्यास "मातृत्व" हा शब्द ठाऊक नसतो. आई मात्र ठाऊक असते. पहिल्या शिष्यांचें असेंच होतें.

हे शिष्य जन्मानें यहूदी. परमेश्वर एकच आहे ही अनुवाद ६:४ मधील साक्ष ते लहानपणापासून नित्य म्हणत आले होते. अशांपैकींच थोमानें उठलेल्या येशूस आपला प्रभु व आपला देव असें संबोधिलें, आणि येशूनें त्यास दटाविलें नाहीं (योहान २०:२८). पवित्र आत्म्याशीं लबाडी करणें म्हणजे देवाशींच लबाडी करणें, असें पेत्रानें हनन्यास बजाविलें (प्रेषितांचीं कृत्यें ५:३, ४). प्रभूनें बाप्तिस्म्याची आज्ञा दिली तींत तिघांचा उच्चार आहे, पण मूळ ग्रीक भाषेंत "नांव" हा शब्द एकवचनी आहे (मत्तय २८:१९). सारांश, मंडळीनें हा सिद्धांत घरीं बसून रचिला नाहीं. देवानें जें केलें तें पाहून त्याविषयीं खरें कसें बोलावें हें ती शिकली. शिकतांना ज्या तीन चुका पूर्वीं झाल्या, त्याच आजहि आपल्या मंडळ्यांत होतात.

पहिली चूक बहुरूप्याची. बहुरूपी आज फौजदार होऊन दारीं येतो, उद्यां साधु होऊन येतो, परवां वैद्य होऊन. मनुष्य एकच, सोंगें तीन. तिसऱ्या शतकांत रोम येथें सबेल्लियस नांवाच्या शिक्षकाच्या मताचा असाच बोभाटा झाला कीं, एकच देव कधीं पिता, कधीं पुत्र, तर कधीं आत्मा म्हणून प्रगट होतो. आणि मंडळीनें तें मत नाकारिलें. पाणी, बर्फ व वाफ हा दृष्टांत आपले उपदेशक फार आवडीनें सांगतात. पण तो ह्याच वाटेनें जातो, कारण तेंच पाणी रूप पालटून बर्फ होतें. यार्देन नदीवर काय झालें तें पाहा: पुत्र पाण्यांतून वर येत आहे, आत्मा त्याजवर उतरत आहे, आणि पित्याची वाणी त्याच क्षणीं आकाशांतून होत आहे (मत्तय ३:१६, १७). आणि गेथशेमानें बागेंत प्रभूनें रात्रीं प्रार्थना केली, ती काय स्वतःशींच? जर पुत्र हें केवळ सोंग असेल, तर वधस्तंभावरील प्रीतिहि सोंगच ठरेल.

दुसरी चूक तीन भावांची. तीन भाऊ एका घरांत राहतात, आडनांव एक, शेत एक. तसाच देव एक, असें कोणी सांगतात. पण ते तीन मनुष्यच आहेत, आणि उद्यां वांटणी झाली तर तीन चुली होतील. देवांत वांटणी होऊं शकत नाहीं. आपले हिंदु शेजारी ब्रह्मा, विष्णु व महेश ह्यांचें उदाहरण देऊन म्हणतात कीं, हें आमच्यासारखेंच आहे. त्यांस नम्रपणें फरक दाखवावा. त्रिमूर्तीच्या प्रचलित वर्णनांत कामें वांटलेलीं आहेत: एक उत्पन्न करतो, एक पाळतो, एक संहार करतो. शास्त्रांत तसें नाहीं. पिता शब्दाच्या द्वारें सृष्टि निर्माण करितो (योहान १:३), आणि त्याच वेळीं आत्मा जलांवर आहे (उत्पत्ति १:२). जें एकाचें कार्य तें तिघांचेंहि. मात्र उत्तर देतांना तिरस्कार नसावा. मुंबईजवळ घारापुरीच्या लेण्यांत सुमारें सहाव्या शतकांतील भव्य त्रिमुखी मूर्ति आहे. लोक तिला पिढ्यान्‌पिढ्या त्रिमूर्ति म्हणत आले. परंतु ती एकट्या शिवाची, सदाशिवरूपाची मूर्ति आहे असें आज विद्वान मानतात. बाहेरून पाहणाराची समजूत किती सहज चुकते! शेजाऱ्याची आपल्याविषयीं चुकली तर रागावण्याचें कारण नाहीं.

तिसरी चूक कारभाऱ्याची, आणि हीच सर्वांत घातक. मिसर देशांतील आलेक्सांद्रिया नगरांत एरियस नांवाचा एक वडील होता. त्यानें शिकविलें कीं, पुत्र फार थोर आहे, सृष्टीच्या आधींचा आहे, तरी तोहि निर्मिलेलाच. तो नव्हता असाहि एक काळ होता. त्यानें आपलें मत गीतांत घातलें, आणि खलाशी, जात्यावरचे कामकरी व वाटसरू ह्यांच्यासाठीं गाणीं रचिलीं, असें जुने इतिहासकार लिहितात. (भजनें निवडतांना हें लक्षांत ठेवावें, जें लोक गातात तेंच ते शेवटीं मानतात.) तंटा वाढला तेव्हां इ. स. ३२५ मध्यें बादशहा कॉन्स्टंटाइन यानें निकिया येथें, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील इझ्निक गांवीं, सुमारें ३०० बिशपांची सभा भरविली. ह्या सभेस २०२५ सालीं १७०० वर्षें पूर्ण झालीं. पुत्र पित्याशीं एकतत्त्व आहे, निर्मिलेला नाहीं, असें सभेनें ठरविलें. तरी वाद पुढें पन्नासांवर वर्षें चालला. आलेक्सांद्रियाचा बिशप अथनेशियस ह्यास ह्याच मतासाठीं पांच वेळां हद्दपार व्हावें लागलें, आणि सुमारें १७ वर्षें त्यानें परमुलखांत व रानांत काढलीं. इ. स. ३८१ मध्यें कॉन्स्टंटिनोपल येथील सभेनें पवित्र आत्म्याविषयींचीहि कबुली स्पष्ट केली.

एका शब्दासाठीं इतके हाल कां सोसावे? ह्याचें उत्तर आपल्या खेड्यांतील मनुष्यास शहरच्या पंडितापेक्षां लवकर कळेल. सावकाराचा कारभारी दारीं आला आणि म्हणाला, "तुझें कर्ज माफ झालें," तर त्या रात्रीं कोणास निश्चिंत झोंप लागेल? खतावर धन्याची सही पाहिजे. पापाची क्षमा देवच करूं शकतो. येशू जर देवाचा थोर कारभारीच असेल, तर आपली क्षमा अजून अनिश्चित आहे. शिवाय आपल्यांतील पुष्कळांचे वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीखालीं उभे राहिले. त्यांचा नारळ दुसऱ्यानें आंत न्यावा आणि प्रसाद बाहेर टाकावा. अशांस जर आम्ही सांगूं कीं, देवानें तुमच्याकडे चाकर पाठविला, तर ती जुनीच गोष्ट झाली. धनी आंतच राहिला. शुभवर्तमान हें आहे कीं, तो स्वतः आला, आपल्या वस्तींत राहिला, आपल्यासाठीं मेला. आणि स्वतःच आत्म्याच्या रूपानें नव्हे, तर आत्मा जो खरोखर देव आहे त्याच्या द्वारें आपल्या झोंपडींत व अंतःकरणांत वस्ती करून राहतो. त्रैक्य म्हणजे गणिताचें कोडें नव्हे. देव दूर राहिला नाहीं ह्याची ती साक्ष आहे.

मग कसें शिकवावें? दृष्टांतापेक्षां प्रार्थनेपासून आरंभ करावा. अगदीं निरक्षर बहीणहि प्रार्थना करिते ती पित्याजवळ, पुत्राच्या द्वारें, आत्म्याच्या साहाय्यानें (इफिस २:१८). तिच्या ओंठांवर हा सिद्धांत आधींच आहे. तो तिला दाखवून द्यावा इतकेंच. "व्यक्ति" हा शब्द वापरतांना तीन निरनिराळीं माणसें असा अर्थ होऊं देऊं नये. ऑगस्टीन ह्या थोर गुरूनें त्रैक्यावर पंधरा खंड लिहिले, आणि त्यांतच कबूल केलें कीं, "तीन व्यक्ति" असें आपण म्हणतों तें गूढ उलगडावें म्हणून नव्हे, तर अगदींच मौन धरावें लागूं नये म्हणून. आणखी एक सूचना: कांहीं जुन्या भाषांतरांत १ योहान ५:७ येथें स्वर्गांतील तीन साक्षीदारांचें वचन आहे. तें प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाहीं. यास्तव वादांत त्याचा आधार घेऊं नये. सत्यास लंगड्या काठीची गरज नाहीं.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न :

१. पाणी, बर्फ व वाफ हा दृष्टांत कोठें कमी पडतो?

२. यार्देनेच्या कांठीं पिता, पुत्र व आत्मा कोणकोणत्या प्रकारें प्रगट झाले?

३. येशू केवळ देवाचा चाकर असता, तर आपल्या क्षमेचें काय झालें असतें?

४. २ करिंथ १३:१४ हा आशीर्वाद आपण दर रविवारीं ऐकतों. त्यांत तिघांपासून कोणकोणत्या गोष्टी मागितल्या आहेत, आणि त्यांपैकीं आपल्या घरास आज कशाची अधिक गरज आहे?