कामामुळे होणारी पाठदुखी : विश्रांती किती, हालचाल किती?

आपल्या गौलीगुड्याच्या एका अंगास बेगमबाजार व उस्मानगंज येथील पेढ्या आहेत, तर दुसऱ्या अंगास कोठीची दुकाने. या परिसरात वैद्यकीय व्यवसाय करीत असल्याने माझ्याकडे पाठदुखीसाठी येणाऱ्यांत पोती वाहणारा हमाल असतो, गादीवर बसून वह्या लिहिणारा मुनीम असतो, शिवणयंत्रावर वाकणारा शिंपी असतो, फळ्यापुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या शिक्षिका असतात आणि दिवसभर ओट्यापाशी राबणाऱ्या गृहिणीही असतात. काम निराळे, पण तक्रार एकच : “डॉक्टर, कंबर धरली आहे.” त्यापाठोपाठ येणारा प्रश्नही बहुधा एकच असतो : “किती दिवस झोपून राहू?”

रोजंदारीवर घर चालविणाऱ्यासाठी हा प्रश्न केवळ प्रकृतीचा नसतो. आठवडाभराच्या विश्रांतीची चिठ्ठी म्हणजे आठवडाभराची बुडालेली मजुरी. ती चिठ्ठी खरोखर आवश्यक आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अंथरुण की नेहमीची कामे?

या प्रश्नाचे उत्तर फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका चाचणीत मिळते. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. पाठ नुकतीच धरलेल्या कर्मचाऱ्यांचे तीन गट करण्यात आले. पहिल्यास दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्यास पाठीचे व्यायाम, तर तिसऱ्यास झेपतील तेवढी नेहमीची कामे चालू ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. पडून राहिल्याने स्नायू अशक्त होतात, सांधे आखडतात आणि ‘हललो तर आणखी बिघडेल’ ही भीती मनात घर करते. बहुसंख्य कटिशूल स्नायू, अस्थिबंध व लहान सांधे यांवरील ताणाचा असतो व काही आठवड्यांत पुष्कळ कमी होतो. मात्र नेहमीची कामे म्हणजे दुखत्या पाठीवर पूर्ण वजनाचे पोते नव्हे. काही दिवस हलके काम करावे, मोजणी करावी, पोती शिवावीत. पण हिंडतेफिरते राहावे.

तरफेचे गणित

पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावरून ओढ देतात. १० किलोची बादली शरीरापासून ५० सेंटिमीटर पुढे धरली, तर केवळ त्या बादलीसाठी स्नायूंना सुमारे १०० किलोइतका जोर लावावा लागतो. तीच बादली २५ सेंटिमीटरवर आणली की हा जोर निम्मा होतो. म्हणून वजन किती, याइतकेच ते शरीरापासून किती दूर, हेही महत्त्वाचे. जमिनीवरून उचलणे, उचलताना कंबर पिळणे आणि घाई या तीन गोष्टी एकत्र आल्या की पाठीवरचा ताण फार वाढतो.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही उचलावयाच्या वजनाची शिफारस २३ किलोपर्यंतच आहे. आपल्या बाजारातील ५० किलोचे पोते त्याच्या दुपटीहून अधिक भरते.

कामात करावयाचे बदल

केवळ ‘गुडघ्यात वाका’ असे शिकविल्याने पाठदुखी टळते, असे चाचण्यांतून दिसलेले नाही. म्हणून उपदेशापेक्षा कामाची मांडणी बदलणे श्रेयस्कर.

१. पोती जमिनीवर न रचता कमरेइतक्या उंच ओट्यावर ठेवावीत. पाठीवर पोते चढविण्यास व उतरविण्यास दुसरा माणूस असावा. जेथे वाट सपाट आहे तेथे हातगाडी वापरावी. ही व्यवस्था हमालाच्या हाती नसते, ती मालकाने करावयाची असते. आपल्या समाजातील व्यापारी बंधूंना ही विशेष विनंती.

२. बैठे काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. गादीवर बसणाऱ्यांनी पाठीशी तक्क्या व पुढे उतरते मेज घ्यावे. कोणतीही एकच बैठक, कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी दिवसभर हितकर नसते.

३. उभ्याने काम करणाऱ्या भगिनींनी एक पाय लहान पाटावर ठेवावा व पाय अधूनमधून बदलावा. पाण्याची एक मोठी बादली नेण्यापेक्षा दोन लहान बादल्या दोन हातांत घ्याव्यात.

४. रोज चालावे. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मार्गदर्शनासह क्रमाक्रमाने चालणे वाढविणाऱ्यांत पाठदुखी पुन्हा उद्भवण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले, इतरांत ११२. चालण्यास खर्च नाही, हे आपल्या रुग्णांच्या दृष्टीने मोठेच.

औषधे व तपासण्या

शेकाने आराम वाटतो. वेदनाशामक गोळ्या थोडेच दिवस व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात; जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार व उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी अधिक जपावे. कमरेच्या पट्ट्याने पाठदुखी टळते असा पुरावा नाही.

एमआरआयविषयी व्यवसायबंधूंशी दोन शब्द. २०१५ सालच्या एका आढाव्यात पाठ मुळीच न दुखणाऱ्या विशीतील ३७ टक्के व पन्नाशीतील ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांत झीज आढळली. अशी झीज म्हणजे केसांचे पांढरे होणे. “तुमची गादी सरकली आहे” हे आपले एक वाक्य ऐकून धडधाकट माणूस वर्षानुवर्षे वाकण्यास भितो. शब्द जपून वापरणे हाही उपचारच होय.

मात्र पुढील लक्षणे दिसल्यास घरी थांबू नये : लघवी अडणे किंवा नकळत होणे, गुदद्वाराभोवती बधिरता, पायातील शक्ती कमी होणे, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना, कर्करोगाचा पूर्वेतिहास, तसेच ताप, वजन घटणे व रात्री वाढणारे दुखणे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. पहिल्या तीन लक्षणांत तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

विश्रांतीची चिठ्ठी लिहिणे सोपे असते. त्याऐवजी रुग्णाला दोन मिनिटे विचारावे : दिवसभर काय उचलता, कोठून उचलता, किती वेळ बसता? त्या उत्तरातच बहुधा उपचार सापडतो, आणि चूलही विझत नाही.