नावेतल्या शेगडीबद्दल

भालकी,
येळवशीचा दुसरा दिवस

चि. सुहास,

उदगीरच्या लग्नात, भर पंगतीत मला कळलं. शेजारच्या पाव्हण्यानं विचारलं, "तुमचा भाचा लंडनात घर सोडून कालव्यावर राहूलालाय म्हणे?" घास हातातच राहिला. पंगत उठेपर्यंत तुझी नोकरी गेली होती, कर्ज झालं होतं आणि तू पिण्याच्या नादी लागला होतास. नालायका, भाडं परवडेना म्हणून नाव घेतली, एवढं एक वाक्य मला सांगायला काय झालं होतं? तीन महिने नुसतं "जागा बदललीय मामा". तुझ्या आईला, अक्काला, मी अजून नाव म्हणून बोललो नाही. जागा लांबट आहे, रेल्वेच्या डब्यासारखी, एवढंच सांगितलंय. सात फुटालाही दोन बोटं कमी रुंदी, तेव्हा ते काही खोटं नाही.

लोकांना वाटतं मला पाण्याची भीती वाटत असेल. एकवीस वर्षं कारंजाच्या कालव्यावर गेटं फिरवली, मला पाण्याचं काय सांगतात! आपल्याकडं कालवा उसासाठी, हरभऱ्यासाठी. त्यात माणूस राहतो हे मात्र नवीन. तुझ्या त्या लॉकची चित्रं बेबीनं मोबाईलवर दाखवली. दोन गेटांमधली पेटी भरायची, रिकामी करायची, नाव वर-खाली न्यायची. काम ओळखीचं वाटलं. तर एक ध्यानात ठेव. खाली उतरताना मागच्या गेटापाशी पाण्यात दगडी उंबरा असतो. नावेचं ढुंगण त्याच्यावर टेकलं की पुढचा भाग खाली जातो आणि पाणी आत येतं. म्हणून नाव पुढं सरकवून धर, भिंतीवरच्या पांढऱ्या खुणेच्या मागं येऊ देऊ नकोस, आणि पाणी सोडताना फोनवर बोलू नकोस. माझ्याशीसुद्धा. पडलास तरी त्या कालव्यात बहुतेक ठिकाणी पाणी कमरेला, फार तर छातीला. आधी उभं राहून बघ, मग ओरड.

माझी झोप गेली ती दुसऱ्याच गोष्टीनं. तू हसत हसत म्हणालास, लोखंडी शेगडीत रात्रभर कोळसा धगधगत ठेवतो, आणि वारं येतं म्हणून भिंतीतल्या जाळ्या फडक्यांनी बुजवल्यात. सुहास, ती फडकी हे पत्र वाचून होण्याआधी काढ. आठवतं, तुला लहानपणी बिदरला नौबादची सुरंग बावी दाखवली होती? बहामनींच्या काळातलं पाणी जमिनीखालून चालतं आणि वर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडं ठेवलीत, पाणी शेंदायला आणि हवा खेळायला. पाचशे वर्षांपूर्वी पाण्याच्या बोगद्याला हवा लागते हे त्यांना कळत होतं. आणि तू इंजिनियर!

बाकीचंही सांगतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून निघून जातो, नावेच्या तळाला दार नसतं. वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. थंडीत ब्यूटेन अडून बसतो, प्रोपेनची टाकी घे. डेकवर दंव पडलं की धावायचं नाही. चौदा दिवसांवर एका जागी नाव बांधता येत नाही म्हणतोस, म्हणजे आपल्या मेंढरंवाल्या धनगरांसारखंच झालं. मग मुक्काम हलवलास की नव्या जागेचं नाव आम्हाला कळव. पण तुझ्या शेगडीतल्या कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. तो कळवून येत नाही. 2019 पासून तिथं नावेत त्याचा भोंगा सक्तीचा आहे, बेबीनं वाचून दाखवलं. तुझ्या नावेत आहे का? सेल घातलेत का? की तो कपाटातच पडलाय?

एवढं का टोचतोय ते आता सांगतोच. बाळूमामाचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोटो देव्हाऱ्याशेजारी बघत तू मोठा झालास. तापानं गेला असं तुला सांगितलंय. अक्कालाही आम्ही तेच सांगितलं, ती तेव्हा सासरी होती. ताप नव्हता. तो सोळाचा, मी बावीसचा. मार्गशीर्षाची थंडी, हरभऱ्याची राखण, आणि मैलारला खंडोबाची जत्रा. मला जायचं होतं. त्याला म्हटलं, शेगडी कोठ्यात घे, दार लाव, फटीत पोतं कोंब म्हणजे गार लागणार नाही. सकाळी कपाळाला भंडारा लावून परत आलो. शेगडीत राख होती आणि तो कुशीवर झोपलेला. तोंडावर काही नाही. मी तर आधी रागावलोच, ऊन आलं तरी उठत नाही म्हणून.

काल येळवशीला त्याच शेतात कडब्याची कोप घातली. भज्जी झाली, आंबील झाली, पोरं नाचली. कोठा पाडून कितीतरी वर्षं झाली, तरी मी त्या जागी पान मांडत नाही. घरात आजवर कुणी का म्हणून विचारलं नाही.

तर मी ओरडलो ते मनावर घेऊ नकोस. नाव घेतलीस हे वाईट केलं नाहीस. कुणापुढं हात न पसरता डोक्यावर छप्पर केलंस, तुझ्या वयात मला ते जमलं नव्हतं. आणि खरं सांगू, पाण्याच्या आवाजाशेजारी झोपायला मलाही फार आवडायचं. गार लागत असेल तर अक्कानं शिवलेली वाकळ पाठवतो, दोन पाठवतो. कारळाची चटणीही येतेय. नावेत ओल धरते, तेव्हा ती काचेच्या बरणीत काढून घे.

रविवारी फोन करशील तेव्हा बोलायच्या आधी त्या भोंग्याचं बटण दाब. मला त्याचा आवाज ऐकायचाय.

तुझा,
मामा