खाऱ्या शेतातले भात आणि कॅल्शियमची राखण

कर्जत-खालापूरच्या खाचरांत श्रावणात भात कसे डोलत असते ते तुम्ही पाहिलेच असेल. खालापुरातून वाहणारी पाताळगंगा पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. खाडीकाठच्या शेतांतही भातच असते. पण तिथे उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली की समुद्र शेतात शिरतो आणि वर्षाचे पीक जाते. असे का होते?

एक किलो समुद्राच्या पाण्यात सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम असते, तर कॅल्शियम जेमतेम ०.४ ग्रॅम. म्हणजे नको ते फार आणि हवे ते थोडे!

आता थोडे पदार्थविज्ञान पाहू. मुळाच्या पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने साधारण १२० मिलिव्होल्टने ऋण असतो. सोडियमच्या आयनावर एक धनभार असतो, म्हणून तो आत ओढला जातो. दर ६० मिलिव्होल्टला दहापट, या हिशेबाने पेशीत बाहेरच्या शंभरपट सोडियम साठू शकेल. पेशी ऊर्जा खर्चून ते बाहेर टाकत राहते. पण दारच सताड उघडे असेल तर ती किती पुरी पडणार?

इथे कॅल्शियम राखण करते. त्याच्या आयनावर दोन धनभार असतात. पेशीपटलावरील ऋणभारांना ते घट्ट धरून ठेवते आणि सोडियम शिरण्याचे काही मार्ग अडवते. शिवाय खार वाढताच पेशीतले कॅल्शियम क्षणभर वाढते. तीच धोक्याची सूचना ठरते.

भात हे गवताच्या कुळातले. द्विदल वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत कॅल्शियम धरून ठेवणारे पेक्टिन पुष्कळ असते, गवतांत ते कमी. त्यामुळे गवतांचे थोड्या कॅल्शियमवर भागते. मात्र थोडे म्हणजे शून्य नव्हे. सोडियम फार झाले, तर ते पटलावरचे कॅल्शियम हुसकावून लावते.

काही भातांजवळ आणखी एक उपाय असतो. पानांकडे निघालेल्या रसातून ती सोडियम काढून घेतात. 'नोना बोक्रा' या भातातील असे जनुक २००५ साली ओळखले गेले. आपल्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानेही 'पनवेल-१', 'पनवेल-२' अशी खार सोसणारी वाणे दिली आहेत.

हे स्वतः करून पाहा. चार बशांत कापडावर मोड आलेले दहा-दहा भाताचे दाणे ठेवा. पहिलीत साधे पाणी. दुसरीत लिटरला ३ ग्रॅम मीठ. तिसरीत तेवढेच मीठ आणि २ ग्रॅम जिप्सम. चौथीत फक्त जिप्सम. पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठव्या दिवशी मुळांची लांबी मोजून सरासरी काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बशीत काय फरक दिसतो? चौथी बशी कशासाठी ठेवली?

एक लक्षात ठेवा : जिप्सम मीठ नाहीसे करीत नाही. ते धुऊन काढायला गोडे पाणीच लागते, आणि कोकणात ते काम पाऊस करतो. तोवर रोपाला तग धरता यावा, एवढीच कॅल्शियमची कामगिरी. पण पीक हाती लागणार की नाही, हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते.