आपला मीटर कोणता?

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराची किल्ली हातात येते तेव्हा वीज, गॅस आणि पाणी बहुतेक वेळा चालूच असतं. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला वाटतं, हे सगळं घरमालकाने बघितलंय. आपल्याकडे तसंच चालतं. पुण्या-मुंबईत जोडणी मालकाच्या नावावर राहते आणि भाडेकरू ग्राहक क्रमांक टाकून बिल भरत राहतो. इथे मात्र भाड्यात बिलं धरलेली नसतील, तर भाडेकरार सुरू झाल्या दिवसापासून त्या घराला पुरवठा करणाऱ्या कंपनीचे ग्राहक आपण असतो. सही केलेली नसली, कंपनीचं नावसुद्धा माहीत नसलं, तरी!

आम्ही लीड्सला राहायला आलो ते एका जुन्या घरात. मूळचं एकाच कुटुंबाचं घर, पुढे त्याचे मजल्यागणिक फ्लॅट पाडलेले. सगळे मीटर तळमजल्यावरच्या एका कपाटात, शेजारी शेजारी. घर ताब्यात देताना एजंटच्या माणसाने मीटरचे आकडे आमच्यासमोर लिहून घेतले आणि आम्हीही फोटो काढून ठेवले. सगळं रीतसर झालं होतं. तरी विजेची बिलं वापराच्या मानाने फार मोठी येत होती. कंपनी सांगायची, नव्या घराचा अंदाज यायला वेळ लागतो, थंडीही आहे. आमची हीटिंग तर गॅसवर होती.

शेवटी मीटरवर कोरलेला क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक आम्ही ताडून पाहिला. तो जुळला, कारण फोटो त्याच मीटरचा होता. पण आमच्या फ्लॅटचा मेन स्विच बंद केला तरी त्या मीटरचा लाल दिवा लुकलुकतच राहिला. थांबला तो शेजारच्या मीटरचा. मीटरवर लावलेल्या फ्लॅटच्या चिठ्ठ्याच उलट्या लागल्या होत्या आणि कंपन्यांच्या नोंदींतही तेच पत्ते उतरले होते. आम्ही खालच्या मजल्यावरच्या मुलीची वीज भरत होतो आणि ती आमची. तिचे हीटर विजेवर चालणारे. हे निस्तरायला महिने गेले. आता जुन्या फरकाचं मोठं बिल येणार म्हणून ती बिचारी घाबरली होती. घरगुती ग्राहकाच्या बाबतीत कंपनीच्या चुकीने राहून गेलेली, 12 महिन्यांपेक्षा जुन्या वापराची रक्कम कंपनीला नंतर मागता येत नाही, हा ऑफजेम या नियामक संस्थेचा नियम तिला दाखवला तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते, पहिल्या दिवशी सामान सोडण्याआधी मीटरपाशी जा. आकडा आणि मीटरचा क्रमांक, दोन्ही एकाच फोटोत येऊ द्या. मग घरात विजेची किटली लावा, एकाने मीटरजवळ उभं राहा आणि दुसऱ्याने मेन स्विच बंद करा. दिवा लुकलुकायचा थांबला तर मीटर आपला. फ्लॅट पाडलेल्या घरांत हे न चुकता करा.

गॅसच्या मीटरवर घनमीटर लिहिलंय की घनफूट, तेही बघा. जुने मीटर शंभर घनफुटांत मोजतात आणि असं एक माप म्हणजे सुमारे 2.83 घनमीटर. घनमीटरच्या मीटरला कंपनीने जुना धरलं, तर बिल जवळजवळ तिप्पट होतं. बिलात युनिटं किलोवॅट-तासांत दाखवतात, त्यामुळे ही चूक वरवर बघून लक्षात येत नाही.

किल्ली किंवा कार्ड घालून आधी पैसे भरायचा मीटर असेल, तर आधीच्या भाडेकरूच्या किल्लीत पैसे भरू नका. त्याचं जुनं देणं त्या मीटरवर चढवलेलं असू शकतं. कंपनीला फोन करून, आपण नवे आहोत हे सांगून आपल्या नावाची किल्ली मागवा.

ऑफजेमच्या दरमर्यादेबद्दलही मोठा गैरसमज आहे. बातम्यांत वर्षाचा एक आकडा सांगतात आणि लोकांना वाटतं, बिल त्याच्यावर जाणार नाही. ती मर्यादा दर युनिटवर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते. जास्त वापरलं तर बिल वाढतंच, आणि महिनाभर भारतात गेलात तरी स्थिर आकार चालू राहतो. डिसेंबरात गावी जाताना बॉयलर पूर्ण बंद करू नका, अगदी कमी तापमानावर ठेवा. पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटला तर खर्च कितीतरी मोठा.

पाण्याची कंपनी निवडता येत नाही, ती भागाप्रमाणे ठरलेली; आमच्याकडे यॉर्कशायर वॉटर. तिला स्वतः कळवावं लागतं. कौन्सिल टॅक्सचंही, म्हणजे इथल्या पालिकेच्या कराचंही, तसंच. घरात एकच प्रौढ राहत असेल तर त्यात 25 टक्के सूट मिळते, आणि राहणारे सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ असतो. पण मागितल्याशिवाय हे सहसा मिळत नाही. टीव्ही लायसन्स फक्त टीव्ही संचासाठी लागतं असं समजू नका. मोबाइलवर एखादी मराठी वाहिनी किंवा क्रिकेटचा सामना थेट प्रक्षेपणात पाहिला तरी ते लागतं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खाती उघडताना नवरा-बायको दोघांचीही नावं घाला. नोकरी त्याची, म्हणून सगळी बिलं त्याच्या नावावर, असं आपल्या कितीतरी घरांत होतं. मग तिला बँकेत खातं काढायचं असतं तेव्हा पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवायला काही नसतं; मोबाइलचं बिल बहुतेक ठिकाणी चालत नाही. पुढे व्हिसाच्या कामात दोघं एकत्र राहत असल्याचे कागद मागितले, तर तिथेही अडतं. वीज कंपनीला फोन लावलाच आहे, तर दुसरं नाव घालायला दोन मिनिटं लागतात. कौन्सिलला आणि पाण्याच्या कंपनीलाही त्याच दिवशी दोन्ही नावं कळवा.