चाचांचे सायकलचे दुकान

सायकल तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. तिला वैरण लागत नाही. पेट्रोल लागत नाही. चालवणाऱ्याचे पाय हेच तिचे इंजिन. पण सायकल नीट चालायची तर तिच्यामागे पुष्कळ माणसांचे हात लागतात. हा धडा त्या हातांविषयी आहे.

१. दुकान

गोष्ट १९७४ सालची. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आमचे बाजाराचे गाव सातारा जिल्ह्यात. एस.टी. स्टँडसमोर पत्र्याचे एक लहान दुकान होते. दुकानापुढे आठ-दहा सायकली ओळीने उभ्या असत. प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. या भाड्याच्या सायकली. दुकानाचे मालक पन्नाशीचे होते. सारे गाव त्यांना चाचा म्हणे.

तासाचे भाडे पंचवीस पैसे. जुनी माणसे अजून चार आणेच म्हणत. भाड्याची एक वही होती. तिच्यात सायकलचा नंबर, नेणाऱ्याचे नाव आणि नेल्याची वेळ लिहीत. ज्याला सही येई तो सही करी. ज्याला येत नसे तो अंगठा उठवी. त्या वहीत सह्या थोड्या आणि अंगठे फार होते.

शाळा सुटली की मी दुकानात हाताखाली काम करी. पाने हातात देई. हवा भरी. घमेल्यात पाणी आणून ठेवी. चाचांनी मला पहिल्यांदा पंक्चर काढायला शिकवले. टायर एका बाजूने उचकटायचे. ट्यूब बाहेर ओढायची. तिच्यात हवा भरून ती थोडी थोडी पाण्यात बुडवायची. बुडबुडे येतात तिथे भोक. ती जागा कोरडी करून कानशीने घासायची. तिच्यावर सोल्युशन लावायचे आणि मग थांबायचे. मला थांबवत नसे. ओल्या सोल्युशनवरच मी ठिगळ दाबी.

चाचा म्हणत, "वाळू दे, पोरा. घाईचं ठिगळ वेशीपर्यंत बी टिकत न्हाई."

शेवटी टायर आतून बोटांनी चाचपायचे. काटा आतच राहिला तर नवे ठिगळ लावून काय उपयोग?

संध्याकाळी दुकानापुढच्या बाकड्यावर मंडळी जमत. वाडीहून दूध आणणारा दूधवाला असे. पहाटेच्या एस.टी.ने आलेले पेपर पाच गावांत टाकणारा पेपरवाला असे. पोस्टमन असे, गवंडी असे. गावच्या पारावर जे शेजारी बसले नसते ते या बाकड्यावर शेजारी बसत. एका चहाचे दोन भाग होत. वाकडे झालेले चाक चिमट्यात धरून चाचा त्याचा आउट काढत. चाक फिरवायचे, कुठे घासते ते पाहायचे, त्या बाजूची तार थोडी सैल करायची, समोरच्या बाजूची थोडी आवळायची. ते पाहत सारे बसत आणि बोलणे शर्यतीवर येई.

२. शर्यत आणि वारा

त्या बाकड्यावर मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे नाव नेहमी निघे. ही शर्यत फार नावाजलेली. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत खोपोलीच्या पुढे बोरघाटाची चढण लागते. घाट जो आधी चढतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. शर्यतीत पहिला कोणी का येईना, घाटाच्या राजाचा मान वेगळा.

चढणीवर पाय थकतात. सपाटीवर मात्र सर्वांत जास्त अडवतो तो वारा. जो पुढे असतो तो वारा फोडतो. त्याच्या मागे हात-दोन हात अंतर ठेवून जो चालवतो, त्याचे पाव हिस्सा कष्ट तरी वाचतात. म्हणून शर्यतीत एक रीत आहे. थोडा वेळ तू पुढे, थोडा वेळ मी पुढे. जो नुसता मागे राहून दुसऱ्याच्या आडोशाने येतो आणि शेवटी पुढे पळतो, त्याला नियमाने दंड नाही. पण बाकड्यावर त्याला मान नाही. या रीतीत एक गोष्ट महत्त्वाची. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही. पुढच्याच्या शब्दावर आणि हाताच्या खुणेवर त्याला विश्वास ठेवावा लागतो.

फ्रान्स देशात १९०३ सालापासून एक मोठी शर्यत होते. ती कित्येक दिवस चालते. १९१३ साली क्रिस्तॉफ नावाचा एक फ्रेंच सायकलपटू तीत भाग घेत होता. डोंगर उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. तेव्हाचा नियम कडक होता. दुरुस्ती ज्याची त्याने करायची, कोणाची मदत घ्यायची नाही. क्रिस्तॉफने सायकल खांद्यावर घेतली. दहा किलोमीटरांहून अधिक वाट तो चालला. खालच्या गावात लोहाराची भट्टी होती. तिथे त्याने स्वतः लोखंड तापवून चिमटा जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. लोहाराकडच्या एका मुलाने भाता ओढला, तेवढ्या मदतीबद्दलही त्याला दंड झाला.

आज तो नियम राहिलेला नाही. आज स्पर्धकांच्या मागून मोटारी जातात. त्यांत मिस्त्री असतात आणि जादा सायकलीही असतात. २०१५ साली आपल्या नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी अमेरिकेत एक शर्यत पुरी केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर! त्यांना नऊ दिवसांहून कमी वेळ लागला. एक भाऊ चालवी तेव्हा दुसरा विसावा घेई. सोबतीच्या मंडळींनी गाडीतून त्यांची काळजी घेतली.

३. यात्रेची शर्यत

आता आमच्या गावच्या शर्यतीकडे येऊ. चैत्रात यात्रा भरे. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलची शर्यत आणि दुपारी कुस्त्या. शर्यत स्टँडपासून फाट्यापर्यंत जाऊन परत यायची. सारे मिळून वीस किलोमीटर. वाटेत एक खिंड होती. बक्षीस म्हणजे पितळेची कळशी.

आदल्या रात्री दुकानात गर्दी उसळली. वजन कमी करायला कोणी मडगार्ड काढी, कोणी कॅरियर काढी, कोणी स्टँड काढी. चाचांनी मला सांगितले, "दूधवाल्याच्या पुढच्या ब्रेकचे गुटके झिजलेत. नवे बसव आणि नट आवळ."

मी दोन्ही गुटके बसवले. डाव्या बाजूचा नट पान्याने आवळला. उजवा हाताने फिरवला. तेवढ्यात पाना दुसऱ्या कोणी नेला. तिकडे तमाशाची ढोलकी वाजू लागली. माझे लक्ष उडाले.

चाचांनी विचारले, "नट आवळला का?"

मी म्हणालो, "आवळला."

तेवढाच एक शब्द. मी तमाशाला पळालो.

सकाळी चौदा जण सुटले. जाताना दूधवाला आणि पेपरवाला दोघेच सर्वांच्या पुढे निघाले. कधी हा वारा फोडी, कधी तो. परत येताना खिंडीच्या उताराला दूधवाला वीस पावले पुढे होता. वळणावर त्याने ब्रेक दाबला. उजवा गुटका निसटला आणि चाकाच्या तारांत अडकला. चाक जागच्या जागी थांबले. दूधवाला हँडलवरून पुढे फेकला गेला.

आता कळशी पेपरवाल्याची होती. रस्ता मोकळा होता. पण त्याने सायकल टाकली आणि तो दूधवाल्याजवळ बसला. मागून आलेले दोघे पुढे निघून गेले. पेपरवाल्याने समोरून येणारी बैलगाडी थांबवली आणि दूधवाल्याला दवाखान्यात नेले. त्याच्या डाव्या खांद्याजवळचे हाड मोडले होते. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हात झोळीत.

मोडकी सायकल दुकानात आणली. माणसे जमली. डाव्या बाजूचा नट जागेवर होता. उजवीकडचा नव्हता. चाचांनी तो ब्रेक पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. गर्दीतून कोणी ओरडले, "काम कुणी केलं हे?"

चाचा म्हणाले, "दुकान माझं हाय. काम माझं."

औषधाचे पैसे चाचांनी भरले. रात्री मी रडत त्यांच्यापुढे उभा राहिलो. ते कुलूप लावीत होते. म्हणाले, "मला काय बी सांगू नको. ज्याचं हाड मोडलं त्याला सांग."

दूधवाल्याच्या दोन म्हशी. दूध रोज पोचवलेच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक तुटते. पेपरवाला आपले पेपर टाकून वाडीवर जाई आणि दूध आणी. त्याची दोन गावे गवंड्याने घेतली. मी डबे धुवी आणि स्टँडच्या बाजूच्या घरांत दूध घाली. पण बोलायचे धाडस होईना. पंधराव्या दिवशी मी दूधवाल्यासमोर गेलो आणि सारे सांगून टाकले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी बी हात लावून बघाया पायजे हुतं. पर तू आवळला म्हणालास."

थोड्या वेळाने त्याने विचारले, "डबं धुतलं का?"

४. दुसरी वही

त्या आठवड्यात चाचांनी दुसरी वही आणली. ही कामाची वही. प्रत्येक सायकलचे काम तिच्यात लिहायचे. ज्याने काम केले त्याने सही करायची. ज्याची सायकल असेल त्याने नट स्वतः हलवून पाहायचा आणि मग सही करायची. न पाहता कोणी सही करू लागला तर चाचा वही मिटत.

दूधवाल्याला अक्षर येत नव्हते. हात झोळीत घालून तो दिवसभर बाकड्यावर बसे. पेपरवाल्याने जुने पेपर आणले. मोठ्या मथळ्यांवरून त्याला अक्षरे दाखवू लागला. दूध हा शब्द लवकर आला. ब्रेक हा शब्द मात्र फार छळू लागला. ब-ला र जोडायचा, वर मात्रा द्यायची! दूधवाला म्हणे, "खिंड बरी, पर हे जोडाक्षर नको."

सहा आठवड्यांनी झोळी सुटली. सायकल नवी जुळवून उभी होती. माझी सही वहीत होती. दूधवाल्याने दोन्ही नट हलवून पाहिले. काम काय लिहिले आहे ते एक एक अक्षर लावून वाचले. मग त्याने आपले नाव लिहिले. एक पंक्चर निघेल इतका वेळ लागला. पण कोणी घाई केली नाही.

पुढच्या वर्षीची कळशी पेपरवाल्याने नेली. दूधवाला दुसरा आला. खिंडीपर्यंत दोघांनी वारा वाटून घेतला होता.

आता ते दुकान नाही. चाचा नाहीत. त्या जागी मोबाइल दुरुस्त करतात. पुढे मी मास्तर झालो, मुख्याध्यापक झालो. दाखल्यांवर, हजेरीपटावर, पगारपत्रकावर हजारो सह्या केल्या. पेन उचलले की चाचांचा प्रश्न कानी येई: नट आवळला का?

वाचकहो, तुम्ही आता सही करू लागला आहात. ही मोठी कमाई आहे. पण सही म्हणजे नुसते नाव नव्हे. मी हे वाचले, मी हे पाहिले, असा शब्द त्या सहीत असतो. बँकेत, सोसायटीत, तलाठ्याकडे कोणी म्हणेल, "इथं करा सही, बाकी आम्ही बघतो." तेव्हा सावकाश वाचा. जोडाक्षर अडले तर विचारा. वेळ लागला तर लागू द्या. आणि तुमच्या कामावर दुसऱ्याचा जीव असेल, तर न केलेले काम 'केले' म्हणू नका.

सायकलवर बसण्यापूर्वी पाहा

१. हवा: टायर अंगठ्याने दाबून पाहा.
२. ब्रेक: दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक थांबले पाहिजे. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. पुढचा एकटा एकदम दाबू नका.
३. नट: चाकांचे आणि ब्रेकचे नट हाताने हलवून पाहा. हलला तर पान्याने आवळा.
४. चेन: फार सैल नसावी. तिला थोडे तेल असावे.
५. घंटा आणि दिवा: घंटा वाजली पाहिजे. रात्री पुढे दिवा हवा, मागे लाल काच हवी.

आठवा आणि सांगा

१. ठिगळ लावण्याआधी सोल्युशन का वाळू द्यावे?
२. शर्यतीत वारा वाटून घेणे म्हणजे काय?
३. "दुकान माझं हाय. काम माझं," असे चाचा का म्हणाले?
४. दूधवाल्याचे दूध कोणी कोणी पोचवले?
५. तुम्ही न वाचता कशावर सही किंवा अंगठा केला आहे काय? पुढे काय झाले? वर्गात सांगा.