दूरच्या सर्व्हरची किल्ली कोणाच्या हाती?

व्यापारी बांधवांना एक साधा प्रश्न विचारून आम्ही आजच्या पाठाला सुरुवात करतो. आपल्या गोदामाच्या किल्ल्या किती आहेत व त्या कोणाकोणाकडे आहेत? बहुतेक जण याचे उत्तर झोपेतून उठवले तरी देतील. एक आपल्याकडे, एक थोरल्या चिरंजीवांकडे, एक मुनीमजींकडे. आता दुसरा प्रश्न. आपला मालाचा साठा, उधारीच्या नोंदी व गिऱ्हाइकांचे पत्ते ज्या दूरच्या संगणकावर ठेवलेले आहेत, त्याच्या किल्ल्या किती? येथे मात्र बरेच जण गप्प होतात.

आमच्या ओळखीचे तयार कपड्यांचे एक व्यापारी आहेत. त्यांनी भाड्याच्या सर्व्हरवर आपला सगळा हिशेब ठेवला होता. दुकानात नऊ माणसे, पण सर्व्हरचे खाते एकच आणि पासवर्डही एकच. तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलेला होता. एक विक्रेता काही कुरबुर होऊन नोकरी सोडून गेला. जाताना त्याच्याकडून गोदामाची किल्ली परत घेतली, पण पासवर्ड त्याच्या डोक्यातच राहिला. दोन महिन्यांनी असे होऊ लागले की, यांनी रात्री ठरवलेल्या दरापेक्षा दोन-चार रुपये कमी दर सकाळी बाजारात दुसरा कोणी सांगायचा. शेठचा संशय मुनीमजींवर गेला, कारण दर तेच लिहीत असत. सर्व्हरची नोंदवही पाहिली, तर रोज रात्री कोणीतरी आत आल्याचे दिसले. मात्र नाव एकच : ‘ॲडमिन’. नऊही माणसे ॲडमिनच होती आणि सोडून गेलेला दहावाही ॲडमिनच होता.

शेवटी पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड मुनीमजींसह सर्वांना दिला आणि त्या दिवसापासून दर फुटणे थांबले. म्हणजे मुनीमजी निर्दोष होते. पण तोवर बोलू नये ते बोलून झाले होते. मुनीमजींनी महिनाअखेरचा हिशेब पूर्ण केला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या व घरी गेले. दर फुटले हे एक नुकसान झाले, ते भरून निघाले. इमानदार माणसाची बेअब्रू झाली हे दुसरे नुकसान, ते आजही भरून निघालेले नाही.

हे टाळता आले असते काय? होय, आणि फारसा खर्च न करता. कसे, ते आज क्रमाने पाहू.

आधी शब्द समजून घेऊ

सर्व्हर म्हणजे दूर ठेवलेला असा संगणक की ज्यावर आपले काम चालते व ज्याला आपण इंटरनेटवरून जोडले जातो. खाते म्हणजे त्या संगणकात शिरण्याचे एक दार. बिलाचे खाते, साठ्याचे खाते, जपून ठेवलेल्या प्रतींचे खाते अशी अनेक दारे असू शकतात. वापरकर्ता म्हणजे आत शिरणारा माणूस किंवा आपल्या वतीने काम करणारे सॉफ्टवेअर. गट म्हणजे सारखे काम करणाऱ्या वापरकर्त्यांचा समूह. परवानगी म्हणजे कोणी कोणत्या दाराने जावे व आत काय करावे याचा लेखी हुकूम.

राहिला शब्द एपीआय. बँकेच्या खिडकीवर आपण ठरावीक नमुन्याची स्लिप भरून देतो. खिडकीमागचा माणूस सही ताडून पाहतो, खात्यात रक्कम आहे का पाहतो आणि मग पैसे देतो किंवा स्लिप परत करतो. एपीआय ही अशीच खिडकी आहे. फरक एवढाच की, येथे स्लिप भरणारे सॉफ्टवेअर असते. ‘अमुक वापरकर्त्याला अमुक गटात घाला’ अशी ठरावीक नमुन्याची विनंती जाते. सर्व्हर तिच्यावरील सही तपासतो, परवानगी तपासतो आणि होकार किंवा नकार कळवतो.

गट कशासाठी?

समजा, आपल्याकडे १२ माणसे व सर्व्हरवर ५ खाती आहेत. प्रत्येक माणसाला प्रत्येक खात्यासाठी वेगळा हुकूम द्यायचा म्हटले तर ६० निर्णय करावे लागतील. कोणी गेला, कोणी आला की पुन्हा तीच उठाठेव. याउलट हिशेब, विक्री, गोदाम व दुरुस्ती असे ४ गट केले, तर ४ गुणिले ५ म्हणजे २० निर्णय एकदाच करायचे. नंतर फक्त माणसाला योग्य गटात बसवायचे. विक्रीचा माणूस हिशेबात आला तर एका गटातून काढून दुसऱ्यात घातला की झाले.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात वाढलेल्या युनिक्स प्रणालीत फाइलचा मालक, त्याचा गट व इतर सर्व असे तीन वर्ग केलेले होते. १९७५ साली सॉल्टझर व श्रोडर या दोन संशोधकांनी एक नियम लिहून ठेवला. प्रत्येकाला त्याच्या कामापुरता अधिकार द्यावा, त्याहून जास्त देऊ नये. १९९२ साली फेरायोलो व कुन यांनी माणसाऐवजी त्याच्या कामाच्या भूमिकेला अधिकार देण्याची पद्धत मांडली. आजच्या बहुतेक मोठ्या सर्व्हर-सेवा याच पायावर उभ्या आहेत.

एक खरे उदाहरण : ॲमेझॉनची पद्धत

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांपैकी ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस ही एक मोठी कंपनी आहे. मुंबईत तिचे केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झाले. वापरकर्ते, गट व परवानग्या सांभाळण्यासाठी तिची आयएएम नावाची सोय २०११ सालापासून सर्वांना खुली आहे व तिचे वेगळे भाडे नाही. तिच्यावरून सगळी पद्धत नीट समजते.

पहिली पायरी. खाते उघडले की एक मूळ वापरकर्ता तयार होतो. त्याला सर्व अधिकार असतात. ही तिजोरीची किल्ली समजावी. तिला पासवर्डाखेरीज दुसरी पडताळणी लावावी, रोजच्या कामाला ती वापरू नये आणि तिच्या नावाने एपीआयची किल्ली काढूच नये.

दुसरी पायरी. गट तयार करावेत. या विनंतीला तेथे ‘क्रिएटग्रुप’ म्हणतात. नंतर ‘अटॅचग्रुपपॉलिसी’ या विनंतीने गटाला परवानगीचा हुकूमनामा जोडावा. येथील तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. हुकूम नसेल तर सर्व काही बंद. एक हुकूम ‘द्या’ म्हणत असेल व दुसरा स्पष्ट ‘देऊ नका’ म्हणत असेल, तर नकारच चालतो.

तिसरी पायरी. प्रत्येक माणसाचा वेगळा वापरकर्ता करून त्याला ‘ॲडयूजरटूग्रुप’ने गटात घालावे. माणूस काम बदलतो तेव्हा ‘रिमूव्हयूजरफ्रॉमग्रुप’ने काढावे. एक वापरकर्ता अनेक गटांत असू शकतो, पण एका गटात दुसरा गट घालता येत नाही.

चौथी पायरी. बाहेरच्या माणसांची सोय. आपला हिशेब तपासणारे कार्यालय किंवा संगणक दुरुस्त करणारा यांना कायमची किल्ली देऊ नये. त्यासाठी ‘रोल’ नावाची व्यवस्था आहे. ती पाहुण्याच्या चिठ्ठीसारखी असते. ठरलेला वापरकर्ता ती काही काळापुरती धारण करतो. वेगळे सांगितले नाही तर तिची मुदत एक तासाची असते. मुदत संपली की चिठ्ठी रद्द. यासाठी दोन्ही बाजूंची संमती लागते. आपल्या दारावर ‘या खात्याची माणसे येऊ शकतात’ असे लिहिलेले असावे लागते आणि त्यांच्याकडेही आपल्या गटाला ‘त्या दारी जा’ असा हुकूम असावा लागतो. म्हणजे हिशेब तपासणाऱ्याच्या कार्यालयात कोण आमच्या दारी यावे हे ते आपल्या गटांतून ठरवतात आणि आत आल्यावर काय पाहावे हे आपण ठरवतो.

सर्वांत धोक्याची परवानगी

येथे एका चुकीकडे वाचकांचे लक्ष वेधतो, कारण ती जाणकारांच्याही हातून होते. माणसांना गटात घालण्याची विनंती करणे हीदेखील एक परवानगीच आहे. ज्याला कोणत्याही गटात कोणालाही घालता येते, तो स्वतःला मालकाच्या गटात घालू शकतो. मग त्याला गोदामापुरतेच अधिकार आहेत असे म्हणण्यात अर्थ राहत नाही. म्हणून गट सांभाळण्याचा अधिकार मालक व फार तर एक भरवशाचा माणूस यांच्यापुरता ठेवावा. बिलाच्या सॉफ्टवेअरला तर तो मुळीच देऊ नये.

मोठ्यांनाही ठेच लागते

ही काळजी फक्त लहान दुकानदारांनीच घ्यायची असे नाही. भाड्याच्या मोटारींची उबर ही अमेरिकी कंपनी घ्या. २०१७ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर असा आरोप ठेवला की, तिचे अभियंते ॲमेझॉनच्या साठ्यात जाण्यासाठी एकच सामाईक किल्ली वापरत होते व त्या किल्लीला सर्व अधिकार होते. एका अभियंत्याने ती किल्ली सर्वांना दिसेल अशा संकेतस्थळावर प्रोग्रामसह टाकली आणि मे २०१४ मध्ये बाहेरच्या माणसाने ती वापरली. एवढ्यावर धडा पुरा झाला नाही. २०१६ साली पुन्हा प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेली किल्ली चोरांच्या हाती लागली आणि जगभरातील ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती बाहेर गेली. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर देऊन वर्षभर ही गोष्ट दडवली. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी तडजोड करताना तिला १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले.

कपाटावर चिकटवलेला कागद आणि ही सामाईक किल्ली यांत आम्हांला तरी काही फरक दिसत नाही.

आपल्या रोजच्या कामातील उदाहरण

आमच्याकडे एवढा मोठा कारभार नाही, असे काही कारागीर बांधव म्हणतील. पण माल परराज्यात पाठवणाऱ्या अनेकांना ई-वे बिल काढावेच लागते. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांवरील मालाच्या आंतरराज्य वाहतुकीला ते लागू झाले. त्या सरकारी पोर्टलवर मुख्य वापरकर्त्याच्या हाताखाली उपवापरकर्ते तयार करण्याची सोय आहे. कोणी नवे बिल काढावे, कोणी फक्त गाडीचा क्रमांक बदलावा, कोणी नाकारावे हे वेगवेगळे ठरवता येते. माणूस सोडून गेला तर त्याचे उपखाते गोठवता येते. ज्यांचे सॉफ्टवेअर थेट एपीआयने बिल काढते, त्यांनी त्यासाठी वेगळे नाव व पासवर्ड ठेवावा. १ एप्रिल २०२५ पासून सर्व करदात्यांना पासवर्डाबरोबर दुसरी पडताळणीही सक्तीची झाली आहे व उपवापरकर्त्याची पडताळणी त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर होते. तरीही ट्रान्सपोर्टच्या पोऱ्यापर्यंत सगळे जण शेठच्याच नावाने बिल काढतात आणि शेठ दिवसभर फोनवर ओटीपी सांगत बसतात, असे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. चुकीचे बिल निघाले तर जबाबदार शेठच ठरतात.

माणूस सोडून जाताना

ही घटका सर्वांत नाजूक असते. गटातून काढले की काम संपले असे समजू नये. त्याच्या नावाची एपीआयची किल्ली वेगळी असते, तीही बंद करावी लागते. ॲमेझॉनच्या पद्धतीत किल्ली आधी ‘निष्क्रिय’ करता येते. चार-आठ दिवस पाहावे की कोणते काम अडते का. एखादे सॉफ्टवेअर त्याच किल्लीवर चालत असेल तर ते तेव्हा उघडकीस येते. किल्ली शेवटी केव्हा वापरली गेली हेही विचारता येते. मग ती काढून टाकावी. एपीआयने वापरकर्ता काढताना त्याचे गट व किल्ल्या आधी काढाव्या लागतात, नाही तर विनंती परत येते. ज्याच्याशी वाद झाला आहे त्याच्या बाबतीत मात्र थांबू नये. पगाराचा हिशेब चुकता करण्याच्या त्याच बैठकीत किल्ली निष्क्रिय करावी.

कारागीर व व्यापाऱ्यांसाठी थोडक्यात

१. एक माणूस, एक खाते. बापलेकांनीही एकच पासवर्ड वापरू नये.
२. अधिकार माणसाला नव्हे, त्याच्या कामाच्या गटाला द्यावा.
३. कामापुरताच अधिकार द्यावा. फक्त साठा पाहणाऱ्याला दर बदलता येऊ नयेत.
४. सॉफ्टवेअरचे खाते माणसांच्या खात्यापासून वेगळे ठेवावे व त्याची किल्ली प्रोग्राममध्ये लिहू नये.
५. गटात कोण आहे याची यादी दर तीन महिन्यांनी काढून वाचावी. न ओळखलेले नाव दिसले तर त्याच दिवशी चौकशी करावी.
६. कोण केव्हा आत आला याची नोंद जपावी. ॲमेझॉनकडे कारभारविषयक विनंत्यांची नोंद आपोआप ९० दिवस राहते. त्याहून जास्त हवी असेल तर ती साठवण्याची सोय आपल्याला करावी लागते.

काही जण म्हणतात, घरच्यासारख्या माणसांना असे वेगवेगळे कुलूप लावणे म्हणजे अविश्वास दाखवणे होय. आमचे मत याच्या उलट आहे. गल्ल्याचा हिशेब लिहून ठेवणे म्हणजे गल्ल्यावरच्या माणसावर संशय घेणे नव्हे. उलट तो हिशेबच त्याची साक्ष देतो. मुनीमजींचे वेगळे खाते असते, तर नोंदवहीने त्यांची बाजू मांडली असती व शेठला तोंड उघडावेच लागले नसते. ज्याच्या हाती आपण अमानत देतो, त्याला निर्दोष ठरण्याची सोय करून देणे हेही मालकाचेच काम आहे.

आज दुकान वाढवण्यापूर्वी एक कागद घ्या. डावीकडे माणसांची नावे, वर खात्यांची नावे लिहा आणि कोण कोठे जाऊ शकतो तेथे खूण करा. खरे काय ते माहीत नसेल तेथे प्रश्नचिन्ह टाका. जितकी प्रश्नचिन्हे, तितक्या आपल्या हरवलेल्या किल्ल्या.